भाग क्रमांक सत्तेचाळीस

त्या शुक्रवारी दुपारी साडेतीनला मी आईंच्या खोलीच्या अर्ध्या दाराची कडी काढली. अलगद, आवाज होऊ न देता. दार नुसतं टेकवून ठेवलं आणि पाय न वाजवता स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिले. तिथून बाहेरची सतरंजी दिसायची, सतरंजीवरची मुक्ता दिसायची आणि थोडं वाकलं की तिला अडवायला बसवलेलं ते कमरेएवढं अर्धं दारही दिसायचं.

मुक्ता तेव्हा अकरा महिन्यांची होती. आता ती स्वतःची वेणी स्वतः घालते, पण तेव्हा नुसती रांगायची आणि रांगता रांगता सापडेल ते तोंडात घालायची. पायपुसण्याचा धागा, कढीपत्त्याचं पान, माझ्या नवऱ्याच्या, मंदारच्या चपलेचा अंगठा. सोमवारी मला कामावर रुजू व्हायचं होतं. सोमवारपासून सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सहा ती आईंजवळ, म्हणजे माझ्या सासूबाईंजवळ राहणार होती. आणि आईंच्या खोलीत त्या घडीला दोनशे चौदा भागांचा एक ट्रक सुटा पडला होता.

ट्रक म्हणजे खेळण्यातला नव्हे. कोणी तसं म्हटलेलं आईंना खपत नसे.

आई चिंचवडच्या एका ट्रक कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होत्या. इंजिनिअर पेन्सिलीने ड्रॉइंग काढायचे, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून आई ते शाईने जसंच्या तसं उतरवायच्या. सव्वीस वर्षं त्यांनी ट्रकचे तुकडे काढले. ब्रेकची ब्रॅकेट, दाराची बिजागरी, डिझेलच्या टाकीचं झाकण. "अख्खा ट्रक काही कधी वाट्याला आला नाही," त्या म्हणायच्या. निवृत्त झाल्यावर तो त्यांनी वाट्याला आणून घेतला. परदेशी कंपन्यांचे, चाळीस-चाळीस वर्षांपूर्वीचे ट्रकचे किट त्या गोळा करायला लागल्या. खऱ्या ट्रकच्या चोविसाव्या हिश्शाचे, सुट्या भागांचे. कधी पुण्याच्या जुन्या बाजारात मिळायचे, कधी त्यांच्याच कंपनीतले निवृत्त डिसोझा कोणाच्या तरी माळ्यावरून शोधून आणायचे. खोक्यावरचं चित्र उन्हाने उडालेलं, आत प्लॅस्टिकच्या चौकटी, आणि झाडाला चिंचा लटकाव्यात तसे त्या चौकटींना लटकलेले इवले इवले भाग. प्रत्येकाशेजारी क्रमांक.

हे भाग कापून, घासून, रंगवून जोडायचे. पण आईंचं नुसतं जोडून भागत नसे. खोक्यातला कागद सांगतो म्हणून त्या ऐकत नसत. दाराखाली पायऱ्या दोन की तीन, हे खात्रीने कळावं म्हणून त्यांनी एक ट्रक तीन महिने अडवून ठेवला होता. शेवटी डिसोझांनी कुठून तरी एक जुना फोटो मिळवला. पायऱ्या दोनच निघाल्या. त्या दिवशी आमच्याकडे शिरा झाला.

मला त्यांचं कौतुक होतं, खोटं कशाला बोलू. पण आठवडाभरापूर्वी त्या गॅसवर दूध ठेवून दाराची एक मूठ रंगवायला बसल्या होत्या, तेव्हा दूध उतू जाऊन गॅस विझला तरी त्यांना पत्ता नव्हता. मी मंदारला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, दूध वेगळं आणि नात वेगळी." मला ते पटलं नाही. मला दोन्हींतला फरक डोळ्यांनी बघायचा होता. म्हणून कडी.

एवढंच बघायचं होतं, की मुक्ता दाराशी गेली तर आई मान वर करतात का. केली नाही, तर मी धावत जाऊन उचलणारच होते. चार पावलांवर तर होते.

आणि फोन वाजला. ऑफिसमधल्या मेघनाचा. सोमवारी लॅपटॉप कुठून घ्यायचा, ओळखपत्र चालू आहे का, असलं काहीतरी. स्वयंपाकघरात रेंज धड येत नाही म्हणून मी मागच्या गॅलरीत गेले. चार मिनिटं. नंतर फोनवर बघितलं, चार मिनिटं अकरा सेकंद.

आत आले तर सतरंजी रिकामी.

आई खिडकीपाशी पाठमोऱ्या बसलेल्या, डोळ्याला भिंग लावून ट्रकच्या सांगाड्याला तांबडा रंग देत होत्या. त्यांच्या मागे, टेबलाखाली मुक्ता बसली होती. दोन्ही हातांत चांदीसारखी चकचकीत चौकट आडवी धरलेली, मक्याचं कणीस खावं तशी. लाळेने छाती भिजलेली. मला बघून खुदकन हसली.

"आई!"

आईंच्या हातातला ब्रश सुटला. "अगं बाई! ही कधी आली?"

मी मुक्ताच्या तोंडात बोट घातलं. दोन दात आणि लाळ, बाकी काही नाही. तिने भोकाड पसरलं. मी चौकट उजेडात धरली. चव्वेचाळीस, पंचेचाळीस, शेहेचाळीस, सगळे जागेवर. मग एक रिकामी दांडी, शेजारी क्रमांक सत्तेचाळीस. पुढे अठ्ठेचाळीसवर एक भोंगा लटकत होता, ट्रकच्या टपावर असतो तसा. खोक्यातल्या कागदावर भोंगे दोन होते.

"आई, सत्तेचाळीस कुठाय?"

"म्हणजे?"

"दुसरा भोंगा! हा बघा एकच आहे!"

आम्ही दोघी जमिनीवर हात फिरवायला लागलो. टेबलाखाली, पलंगाखाली, मुक्ताच्या झबल्यात, तिच्या लंगोटात. आईंचे गुडघे आखडलेले, तरी त्या पार कपाटाच्या मागे हात घालून आल्या. भोंगा नव्हता.

आईंची नजर अर्ध्या दाराकडे गेली. "कडी," त्या म्हणाल्या. आवाज एकदम म्हाताऱ्या बाईचा. "हात धुऊन आत आले तेव्हा कडी लावली नाही मी. माझ्या हातून राहिली गं, ऋजुता."

मी मुक्ताला उचललं, चौकट पिशवीत टाकली आणि म्हटलं, "चला आधी."

एवढंच म्हटलं. बाकीचं गिळलं.

डॉक्टर इनामदारांचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. मी पुढे जवळजवळ पळत, आई मागे, पायात दोन वेगळ्या चपला. इनामदार मॅडमनी मुक्ताची छाती ऐकली, घसा बघितला, पोट दाबलं. मुक्ताने त्यांच्या स्टेथोस्कोपची नळी चावायचा प्रयत्न केला.

"खोकली? निळसर पडली? उलटी?"

"नाही."

"मग श्वासनलिकेत नसावं. पोटात गेलं असेल तर बहुधा आपोआप बाहेर येईल."

"एक्स-रे काढूया ना," मी म्हटलं.

"धातू असता तर लगेच काढला असता. प्लॅस्टिक एक्स-रेत सहसा दिसत नाही." त्यांनी पेन उघडलं. "केवढा होता? टोकदार होता का? त्यावर ठरवू या, नुसतं लक्ष ठेवायचं की मोठ्या हॉस्पिटलला पाठवायचं."

मी दोन बोटांत अंतर धरून दाखवलं. आईंनीही त्याच वेळी दाखवलं. माझा भोंगा शेंगदाण्याएवढा होता, त्यांचा गव्हाच्या दाण्याहून जरा मोठा.

"एक काहीतरी ठरवा," मॅडम म्हणाल्या.

आई उठल्या. "ठरवायचं कशाला? एकास एक माप आहे माझ्याकडे. आणते." आणि निघाल्यासुद्धा.

त्या येईपर्यंतची दहा मिनिटं मी मुक्ताचं पोट बघत बसले. ते श्वासाबरोबर वर-खाली होत होतं. मनात एकच हिशोब चालू होता: भोंगा निघाला की सांगीन. निघाला नाही तर... त्या 'तर'च्या पुढे मी गेलेच नाही.

आई आल्या त्या काखेत कागदाची गुंडाळी घेऊन, धापा टाकत.

"हे काय, घराचा प्लॅन?" मॅडमनी विचारलं.

"चौकटी आहेत. एकही भाग कापायच्या आधी मी प्रत्येक चौकट ट्रेस करून ठेवते. एखादा भाग हरवला, मोडला, तर मापात घरी करता यावा म्हणून." बोलता बोलता त्यांनी कागद टेबलावर उलगडला. एका कोपऱ्यावर मॅडमचं प्रिस्क्रिप्शनचं पॅड ठेवलं, दुसऱ्यावर जिभेवर दाबायच्या काड्यांची बरणी. काळ्या शाईच्या केसाएवढ्या रेघा. एकही कुठे थरथरलेली नाही. खाली कोपऱ्यात तारीख, बुधवारची.

आईंचं बोट रेघांवरून चालत गेलं. चव्वेचाळीस. पंचेचाळीस. शेहेचाळीस. आणि थांबलं.

अठ्ठेचाळीसवर भोंगा होता, त्याच्या तोंडाच्या कडेसकट. सत्तेचाळीसपाशी नुसती दांडी होती, आणि दांडीची रेघ टोकाशी नीट बंद केलेली.

"हा इथं नाहीच," आई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे बुधवारी पण नव्हता. मी असेल तेच काढते, मॅडम. असायला हवं म्हणून काढत नाही. ट्रेस करताना माझा हात चालतो, डोकं नसतंच तिथं. म्हणून लक्षात राहिलं नाही."

मला हायसं वाटायला हवं होतं. मी काय म्हटलं? "काढायचा राहून तर गेला नसेल ना, आई?"

आईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. माझ्या पिशवीतून चौकट घेतली, झबल्याला पुसली आणि ट्रेसिंगवर ठेवली. रेघेवर रेघ बसली. मग सत्तेचाळीसची दांडी मॅडमच्या टॉर्चखाली धरली.

"टोक बघ. चावून तुटलं असतं तर आतलं पांढरं प्लॅस्टिक दिसलं असतं, फाटल्यासारखं. इथं दिसतंय का? टोकावर चांदी आहे. हा मुलामा भाग साच्यातून निघाल्यावर चढवतात. टोकावर मुलामा आहे म्हणजे मुलामा चढवला तेव्हाच पुढे काही नव्हतं. साच्यात माल पोचलाच नाही तिथवर. चाळीस वर्षांपूर्वीच राहिलाय तो भोंगा."

मॅडमनी आईंच्या गळ्यातलं भिंग मागून घेतलं आणि स्वतः बघितलं. टोक चांदीसारखं, गोल, गुळगुळीत होतं. "माझ्याकडे येणाऱ्या आयांनी अशी कागदपत्रं आणली तर काय बहार येईल," त्या म्हणाल्या. "न्या घरी. तरी दोन दिवस लक्ष असू द्या. आणि आजी, हे सगळं कुलपात."

"हो," आई म्हणाल्या. मान खाली.

घरी आलो. मुक्ता खांद्यावर झोपली होती. तिला पाळण्यात ठेवून मी बाहेर आले तर आई फोनवर होत्या.

"उद्या टेम्पो घेऊन या, डिसोझा. नाही, एक नाही, सगळेच. तुमच्याकडे राहू देत. कारण काय विचारता? माझं वय, हेच कारण."

मी खोलीत गेले. अर्धवट झालेला ट्रक त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळला होता. सांगाड्यावर ब्रश पडला तिथे तांबडा ओघळ सुकला होता. त्या खोकी एकावर एक रचत होत्या.

"आई, भोंगा नव्हताच ना पण."

"नव्हता म्हणून वाचलो. असता तर? तू पोर माझ्या भरवशावर टाकून जाणार, आणि मला साध्या कडीचं भान राहू नये?" त्यांनी चिकटपट्टी दाताने तोडली. "तुला वाटायचंच, मला माहितीय. बरोबरच वाटत होतं."

न बोलता राहिले असते तर सगळं माझ्या मनासारखं झालं असतं. खोली रिकामी, धोका संपला, आणि दोष दुसऱ्याच्या पदरात. शिवाय त्यांनी तो आपण होऊन घेतलेला. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले.

"कडी तुमच्याकडून राहिली नव्हती."

"मग?"

"मी काढली."

"कशाला?"

"बघायला."

"काय बघायला?"

"तुमचं लक्ष असतं का."

आईंच्या हातातलं खोकं हातातच राहिलं. त्यांनी विचारलं, "आणि तू कुठं होतीस?"

"फोन आला. गॅलरीत गेले."

"म्हणजे परीक्षा घेणारीच वर्गाबाहेर." त्यांनी खोकं खाली ठेवलं. "किती पडले मला?"

मला रडू आलं.

"रडू नकोस. पोर उठेल," त्या म्हणाल्या आणि माझ्या अंगावरून बाहेर निघून गेल्या. त्या संध्याकाळी त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. मंदार मला खुणेने विचारत होता, काय झालं? मी खुणेनेच सांगितलं, नंतर.

शनिवारी सकाळी डिसोझा टेम्पो घेऊन हजर. आई फाटकातच आडव्या उभ्या.

"रद्द. चहा घ्या आणि जा."

"फडतरे मॅडम! मिसेसशी भांडून मी एक अख्खी खोली रिकामी केली!"

"मग तिच्यात मिसेसना बसवा. त्यांनाही हवेशीर खोली कधी मिळायची?"

मी चहा केला. आई माझ्याशी बोलल्या नाहीत. दुपारी मुक्ता झोपली आणि आतून हाक आली. "ऋजुता. इकडे ये. खुर्ची घेऊन ये."

टेबलावर तेच ट्रेसिंग अंथरलं होतं. खाली उजव्या कोपऱ्यात आखलेली एक छोटी चौकोनी पाटी. काल दवाखान्यात मी त्यातली फक्त तारीख बघितली होती.

"वाच."

"रेखाटन: कु. फ. तारीख. तपासणी..."

"तपासणीपुढं काय आहे?"

"काही नाही."

"सगळ्या ट्रेसिंगांवर ते रिकामं आहे. एकोणीस ट्रकांच्या. ऑफिसातली सवय म्हणून रकाना आखते, पण भरणार कोण? ज्यानं काढलं त्यानंच तपासायचं नाही, असा नियम." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "तू माझी डबी मोजतेस. कापलेले भाग आणि वहीतला आकडा. रोज, मी अंघोळीला गेले की. सहा आठवडे झाले."

"तुम्हाला माहीत होतं?"

"झाकणावरची खूण मी डबीवरच्या खुणेवर आणून लावते. तू नुसतं लावतेस."

मी टेबलावरची डबी फिरवून खूण बघितली.

"आमच्याकडे अंतूरकर म्हणून तपासनीस होते. लाल पेन्सिल घेऊन बसायचे. माझ्या ड्रॉइंगवर लाल खूण आली की आठवडा आठवडा मी त्या माणसाशी बोलायची नाही. एकदा ब्रेकच्या ब्रॅकेटमधलं एक भोक मी दोन मिलिमीटर खाली काढलं. त्यांनी पकडलं. माझा नेहमीसारखा फणकारा. त्याच दिवशी घरी येताना नाक्यावर आमच्या कंपनीचा ट्रक उभा होता. मागे वऱ्हाड भरलेलं, बायका-पोरं, गाणी म्हणत होती." आई थांबल्या. "दुसऱ्या दिवशी मी अंतूरकरांना डब्यातली पुरणपोळी दिली. ते घाबरलेच. म्हणाले, बाई, आज काय चुकलंय?"

मी हसले. त्याही हसल्या, थोड्याशा.

"तेव्हा तू मोजतेस याचा मला राग नाही. पोरीची आई आहेस, मोजणारच. पण अंतूरकरांनी कधी आपल्या हातानं चूक घालून, मी पकडते का ते बघितलं नाही. तेवढं परत करू नकोस."

"नाही करणार."

"आणि चोरून मोजायचं नाही. इथं, खुर्चीवर बसून, माझ्यासमोर. आणि मुक्ता जागी असताना ही खोली बंद. कडी नाही, कुलूप. डिसोझांना आणायला सांगितलंय."

"पण सोमवारपासून मी इथे नसेन."

"मग मी मोजेन. तू विचार."

त्यांनी ड्रॉवर उघडला आणि एक लाल पेन्सिल माझ्यापुढे ठेवली. ठेंगणी, टोक केलेली. मी चौकट हातात घेतली, कागदाशी ताडून बघितली. एकेक क्रमांक, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यांनी घाई केली नाही. मग तपासणीच्या रकान्यात मी लिहिलं, ऋ. फ.

"तारीख घाल. तारखेशिवाय सही म्हणजे नुसती नक्षी."

सोमवारी ऑफिसात माझं लक्ष लागेना. मेघना म्हणाली, "फोनकडे बघून बघून त्याची बॅटरी संपेल." अकराला फोन करावासा वाटला, केला नाही. एकला डबा उघडला, दोन घास खाल्ले. चारला फोन वाजला.

"दोनशे चौदा," आई म्हणाल्या.

मी मनात पुन्हा हिशोब केला. "दोनशे तेरा ना, आई? सत्तेचाळीस तर..."

"केला मघाशी. कार्टी दोन तास झोपली होती. जुन्या चौकटीची दांडी घासून केला, अठ्ठेचाळीसवरून माप घेतलं. चांदी चढवायची राहिलीय." मागून मुक्ताचा आवाज येत होता, कशावर तरी वाटी आपटत असल्यासारखा. आई तिला म्हणाल्या, "थांब गं, तुझ्या आईशी बोलतेय." मग मला, "सहाला पोचशील ना? ये सरळ घरी. भोंगा तपासायचा राहिलाय."